शाकारलेली कंपनी

“बंद नाय झाली, शाकारलीय!”

आमची कंपनी बंद पडली असं कोणी म्हटलं, की मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून त्याच्या छातीवर रोखत आणि एवढंच बजावत. समुद्राकाठच्या मुरबे गावचे ते, होड्या बांधणारे सुतार. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात, त्याला तिकडे शाकारणं म्हणतात. नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात जातात. कंपनीचंही तसंच होणार, याबद्दल मिस्त्रींना कसलीच शंका नव्हती.

बोईसरच्या त्या शेडमध्ये आम्ही दोन सीटच्या, बिनटपाच्या, शर्यतीच्या थाटाच्या बुटक्या गाड्या बनवायचो. मी स्टोअर सांभाळायचो. फायबरच्या बॉडीचे लाकडी साचे मिस्त्रींचे. पहिल्या गाडीच्या तळाला त्यांनी पाणी जायला भोकच ठेवलं नाही. दुपारच्या पावसात सीटपर्यंत पाणी! मालकसाहेब भडकले, तर हे म्हणतात, “तळाला भोक पाडू? माझ्या बापानं नाय शिकवलं!” शेवटी साहेबांनी स्वतः ड्रिल चालवलं. त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत.

जेमतेम काही गाड्या विकल्या आणि कंपनी बुडाली. जाताना मालकांनी एक गाडी मिस्त्रींना दिली. मग दर नारळी पौर्णिमेला आम्ही दहाबारा जुने कामगार ती गाडी घेऊन बंद फाटकाशी जमायचो. हार, नारळ, पेढे. येणारेजाणारे हसत. “हसा! साचे माझ्या घरात हायत,” मिस्त्री म्हणत.

पुढे शेड दुसऱ्यांनी घेतली. नवा मॅनेजर म्हणाला, “ये सब यहाँ नहीं चलेगा. उधर मैदान में करो.” मिस्त्री गाडीतून उतरलेच नाहीत. “जिथं बांधली तिथंच पूजणार!” मागे ट्रक खोळंबले, हॉर्नचा कल्लोळ झाला, पण पूजा पुरी झाली. मी मात्र “चला, हलवू या गाडी” म्हणत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. पौर्णिमेला आम्ही पोचलो, तर फाटकाच्या रस्त्यावर आडवा बांबू. ट्रक आला की वॉचमन वर करायचा, आम्हाला पाहून हलेना. मी गाडी चालवत होतो, शेजारी मिस्त्रींची बायको. “घाला खालून,” वहिनी म्हणाल्या. दोघांनी माना वाकवल्या आणि गाडी बांबूखालून सरळ फाटकाशी गेली.

मॅनेजर धावत आला. तोवर वहिनींनी नारळ फोडला होता. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला, त्यानेही नकळत हात पसरला.

“घ्या साहेब. आन् पुढल्या वर्षी बांबू जरा वर बांधा. आमाला वाकावं लागतं.”