न उच्चारायचा टी

तारखा आधी नोंदवतो, कारण आमच्या घरात वाद सुरू झाला की सर्वप्रथम तारखाच नाहीशा होतात.

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार: नातीचा जन्म. त्यापुढील सोमवार: नावासंबंधी माझे चार पानी पत्र, सही घेऊन द्यायच्या टपालाने, मुलाच्या पत्त्यावर रवाना. मार्चचा पहिला गुरुवार: रजिस्ट्रारच्या कार्यालयात नावाची नोंद, मला सूचना नाही. त्याच आठवड्याचा रविवार: बारसे. जबाबदार व्यक्ती तीन: माझा मुलगा; माझी सून; आणि मँचेस्टरला इस्पितळात काम करणारी माझी मुलगी, म्हणजे बाळाची आत्या.

नातीचे नाव मी येथे लिहिणार नाही. ती अज्ञान आहे, हा शब्द कायद्याच्या अर्थाने घ्यावा, आणि अज्ञान व्यक्तीचे नाव छापू नये हे तत्त्व मला मान्य आहे. समन्यायाने इतरांचीही नावे गाळतो. एवढे सांगणे पुरे की नाव फ्रेंच आहे. आमच्या सात पिढ्यांत फ्रान्सशी कुणाचा संबंध आलेला नाही. मुलगा आणि सून एकदा चार दिवस पॅरिसला जाऊन आले. त्यांपैकी दोन दिवस सुनेला ताप होता.

ठाण्यात मी वकिलीची सनद घेतली होती. ती इथे इंग्लंडमध्ये चालली नाही, म्हणून निवृत्त होईपर्यंत कौन्सिलच्या विधी विभागात दुसऱ्यांचे मसुदे तपासले. त्या नोकरीने एक गोष्ट अंगात मुरली: कागदावर जे अक्षर आहे ते कशासाठी तरी आहे. जे काहीच करत नाही ते कलम खोडावे.

पत्रात मी तीन नावे सुचवली होती, प्रत्येकाचा अर्थ, उच्चार आणि रोमन लिपीतील स्पेलिंग यांसह. उत्तरादाखल सुनेचा फोन आला. ती लंडनच्या ईलिंगमध्ये वाढलेली, मराठी बोलते, पण पाहुण्यांच्या घरात चप्पल काढून वावरावे तशी, जपून.

"बाबा, तुमचा लेटर मिळाला. त्याला मला साइन करायला लागला. बाळ हातात होती."

"मग? वाचलंस का?"

"वाचतो आम्ही. दोघं मिळून वाचतो."

हे उत्तर नव्हते. ही मुदतवाढ होती, आणि मी ती न मागता दिली, ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक आत्येवर विसंबण्याची. बारशाला नाव आत्येने ठेवायचे, बाळाच्या कानात तिने आधी कुर्र करायचे, हा तिचा हक्क मी वादातीत समजत होतो. त्या गुरुवारी भर दुपारी मी तिला फोनवर विचारले, "तुझी संमती घेतली का त्यांनी?"

"घेतली ना. ग्रुपवर नाव टाकलं होतं दादानं. मी थम्ब्स अप केला."

"म्हणजे अंगठा उठवलास."

"बाबा, इमोजी असतो तो."

"आपल्या घराण्यात सही न येणारा शेवटचा माणूस म्हणजे माझे पणजोबा. त्यानंतर तू."

"झालं? ठेवू फोन? वॉर्डवर आहे मी." नाव काय, हे मात्र तिने सांगितले नाही. सरप्राइज होते म्हणे.

बारसे मिल्टन कीन्समधल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये झाले. तिथे पोचेपर्यंत सहा राउंडअबाउट लागतात आणि प्रत्येकावर माझी पत्नी म्हणते, "अहो, डावीकडे." पाळण्याला फुगे होते. नाव एका थर्माकोलच्या पाटीवर लिहून वर रेशमी रुमाल टाकला होता. घरातला वडीलधारा म्हणून तो रुमाल मी काढायचा आणि नाव मोठ्याने वाचायचे, असे ठरले होते. हा मान म्हणून मला सांगण्यात आले. मी तो मान म्हणूनच स्वीकारला.

रुमाल काढला. सहा रोमन अक्षरे, शेवटचे टी. मी खणखणीत वाचले, टीसकट.

 व्याही हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, तो टी सायलेंट आहे बरं का."

"सायलेंट आहे तर लिहिला कशाला?"

"फ्रेंच आहे ना."

मागच्या खुर्चीवरून एका आजीबाईंनी विचारले, "टी काढला तर मग काय उरलं गं? आपला तो कडुलिंबाचा हिरवा साबण?"

साठीच्या पुढचा अख्खा हॉल हसला. ज्यांनी लहानपणी त्या साबणाने अंग घासले होते ते सगळे हसले, आणि ज्यांना साबण ठाऊक नव्हता ती तरुण मंडळी, मी टी म्हणालो म्हणून हसली. म्हणजे दोन्ही बाजूंनी हसे झाले ते माझे. नाव ठेवणारे मोकळे. आत्येने कुर्र केले, पाठीवर धपाटे बसले, पेढे फिरले. मी बाळाजवळ वाकून पुन्हा एकदा, या वेळी टी सोडून, हाक मारून पाहिली. तो फ्रेंच 'र' माझ्या घशात अडकला आणि खोकला आला. सून म्हणाली, "राहू दे ना बाबा. तुम्ही तिला नुसतं बाळ म्हणा."

नुसतं बाळ. सख्ख्या आजोबांना नातीच्या नावातून अशी माफी मिळाली.

हॉलच्या स्वयंपाकघरात मुलगा कागदी ताटल्या भरत होता. तिथे मी त्याला गाठले. म्हटले, "माझ्या पत्राला उत्तर मिळालेलं नाही."

"बाबा, प्लीज, आज नको."

"इथल्या मास्तरणींना जड जाऊ नये म्हणून हे नाव ठेवलंस. कबूल कर. तुझ्या नावात ज्ञ आहे, तरी मी ते बदललं नाही. मी लढलो."

त्याने ताटल्या खाली ठेवल्या. "हो, लढलात. सात पत्रं. ती असेंब्ली आठवते तुम्हाला?"

का आठवणार नाही? माझ्या आयुष्यातला तो एकमेव निर्विवाद विजय होता. मुलगा नऊ वर्षांचा. हजेरीला वर्गशिक्षिका त्याचे नाव रोज नव्याने मोडत. मी हेडमास्तरांना लिहीत राहिलो. सातव्या पत्रानंतर त्यांनी कळवले की योग्य ती कार्यवाही झाली आहे: मुलाला सभागृहात मंचावर उभे करून साऱ्या शाळेकडून त्याचे नाव तीन वेळा म्हणवून घेतले. ते पत्र मी फाइलला लावले. अजून आहे.

"त्या दिवसापासून मला थ्री टाइम्स म्हणायचे," मुलगा म्हणाला. "शाळा सुटेपर्यंत. कुणी खरं नाव घेतलंच नाही परत. तुम्ही रोज विचारायचात, आता नीट म्हणतात ना? मी हो म्हणायचो. ऑफिसात आज मी दोन इनिशियल्स आहे, बाबा. तिच्यासाठी असं नाव शोधलं, ज्याच्यासाठी कुणाला पत्र लिहावं लागणार नाही."

परतताना गाडीत मी पत्नीला विचारले, "तुला हे ठाऊक होतं?"

"सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मला पण."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आठवं पत्र लिहिलं असतंत. डावीकडे घ्या."

आता इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी हे लिहितो आहे, आणि वरील यादी दुरुस्त करणे मला भाग आहे. जबाबदार व्यक्ती चार. चौथी ही नोंद लिहिते आहे. मात्र दोष मान्य केल्याने दावा निकालात निघत नाही. मी अक्षर वाचवले आणि मुलगा त्या अक्षरापासून पळाला; पण पळाला तो पळालाच, आणि जाताना नातीलाही घेऊन गेला. तिला हाक मारायला माझ्याजवळ शब्द नाही. आठ महिन्यांची झाली. त्याने हाक मारली की वळते, मी मारली की छताकडे बघते.

मराठीत हाकेला ओ द्यायची असते. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे सूत्रसंचालन दरवर्षी माझा मुलगा करतो, दोन इनिशियल्सच्या नावाने. यंदा मी पहिल्या रांगेत उभा राहून त्याला पूर्ण नावाने हाक मारणार आहे. एकदाच, तीनदा नव्हे. माझी मागणी अशी की त्याने माइकवरून, सर्वांच्या समक्ष, ओ द्यावी. ती ऐकू येईपर्यंत नातीच्या नावातला टी मी उच्चारत राहीन.