पणजीच्या नावासाठी बालाघाट

भाचीचा बाप्तिस्मा तोंडावर आला आणि बाबांनी हट्ट धरला, बाळाला त्यांच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं नाव द्यायचं. अडचण एवढीच, की ते नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. आजी त्यांच्या जन्माआधीच वारली आणि घरात सगळे तिला नुसतं 'मोठी बाय' म्हणायचे. वहिनीच्या मनात 'कियारा' पक्कं होतं. तरी ती म्हणाली, आठवड्यात सापडलं तर ठेवू. मग काय, शनिवारी सकाळी बाबांना गाडीत घातलं आणि नागपूरहून बालाघाट जिल्ह्यातल्या पणजोबांच्या गावाकडे निघाले.

तुमसर, वारासिवनी करत लालबर्रा. वारासिवनीत पोहे-जिलेबी जरूर खा, साठ रुपयांत दोघांचं पोट भरतं. पुढे मात्र धानाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत जायची तयारी ठेवा.

पणजोबांचं प्रेस्बिटेरियन चर्च लालबर्र्यापासून आत एका खेड्यात आहे. कौलारू, शाळेच्या एका वर्गाएवढं. तिथला कारभार बघणाऱ्या एल्डरकाकांनी कौतुकाने जुनी सभासदांची वही काढली. पहिल्याच पानावर पणजोबा भेटले: सायमन, शेतकरी. खाली लिहिलेलं, 'सायमनची बायको'. पुढच्या पानांवरही सगळ्या बायका अशाच, कुणाच्या तरी. मला भयंकर राग आला. बाबा नुसते चष्मा पुसत राहिले. काका म्हणाले, आलाच आहात तर उद्या नव्या तांदळाच्या उपासनेला थांबा. बालाघाटला आठशे रुपयांत बरी खोली मिळाली.

इथल्या बायका रोज भात टाकताना चर्चच्या मंडळीसाठी मूठभर तांदूळ वेगळा काढतात. नव्या तांदळाच्या रविवारी तो देवापुढच्या टोपलीत ओततात आणि ओतताना ही रीत आपल्याला जिने शिकवली तिचं नाव घेतात, मग तिला जिने शिकवली तिचं, पार पहिलीपर्यंत. मार्थाकाकू म्हणून एक म्हाताऱ्या होत्या. त्यांनी आधी सासूचं नाव घेतलं, मग आजेसासूचं, आणि शेवटी म्हणाल्या, "तिले शिकवलं सायमनच्या घरच्या सगुणाबाईनं."

बाबा भर उपासनेत उभे राहिले. "परत एकदा म्हणा जी."

"सगुणाबाई. काहून, तुमची कोण?"

"माही आजी."

बाबा रडले, मग हसले, आणि त्यांच्याबरोबर अर्धं चर्च हसलं. मला इतका आनंद झाला की निघताना पाच किलो चिन्नोर तांदूळ भाव न करता घेतला.

बाळ सगुणा झालं. 'कियारा' लाडाचं नाव म्हणून टिकलंय. हल्ली वहिनी कुकर लावताना मूठभर चिन्नोर डब्यात वेगळा टाकते. परवा तिने बाबांना विचारलं, मी कुणाचं नाव घेऊ? मला तर कुठल्या बाईने नाही, तुम्ही शिकवलंत.

बाबा जरा लाजले. "माहं घे ना. एवढ्या बायकांत एक माणूस चालते."