श्रीनूच्या प्रोग्रॅमची खंडेनवमी

श्रीनू गेल्याची बातमी मला हेडफोनमधून कळली. संध्याकाळची आमची रोजची वेळ होती. तो त्याच्या घरी, मी माझ्या घरी आणि दोघंही एकाच पडद्यावरच्या लढाईत. एका पडक्या कारखान्याच्या भिंतीआड दबा धरून बसलो होतो आणि श्रीनूचा गडी एकाएकी थिजला. बंदूक हातात, तोंड भिंतीकडे. मला वाटलं चहा आला असेल. "श्रीन्या, कप ठेव बे, दोघंबी मरतोय की!" असं बोंबलत मी त्याच्या पुतळ्यापुढं उभा राहिलो आणि एकट्यानं शंभर शत्रू आडवे केले. बरं, शंभर नसतील, सात होते. पण त्याला एकही गोळी लागू दिली नाही, हे अगदी खरं. तेवढ्यात माइकमधून पद्मावहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे खुर्चीतनं पडलेत वो... उठत नाहीत." मी स्कूटर काढली तेव्हा हेडफोन गळ्यातच होता, त्याची वायर मागं उडत होती. दवाखान्यात पोचलो तर सगळं संपलेलं. डॉक्टर हृदयाबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी वेड्यासारखा एकच वाक्य म्हणत होतो, "पण आत्ता तर तो खेळत होता..."

श्रीनू विणकरांच्या घरातला. वडिलांचे चार माग होते, ते विकून त्यांनी पोराला कॉम्प्युटरला घातलं. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, माझ्याशी मराठी. एवढ्या भाषा येऊनही हा माणूस दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोलायचा. उरलेले बहुतेक माझ्या वाट्याला आले असावेत, कारण मी बोलायला लागलो की खोलीतला पंखा थकून बंद पडतो. आमची गाठ पडली ती कॉम्प्युटरच्या क्लासात. तेव्हा तिथं चपला बाहेर काढून, पाय पुसून, देवळात गेल्यासारखं आत जायचं. आम्ही सगळे बोटं मोडत टायपिंग शिकत होतो आणि या पठ्ठ्यानं एक खेळ तयार केला. पडद्यावर मागावरचा, सूत नेणारा धोटा इकडून तिकडं पळणार, सूत तुटायच्या आत आपण कळ दाबायची. तुटलं की मागासारखा खडखडाट. मी तो खेळ आजवर एकदाही जिंकलेलो नाही आणि या लेखातलं न फुगवलेलं बहुधा हे एकच वाक्य असेल.

पुढं मी पुण्यातल्या एका कंपनीला चिकटलो. बरीच वर्षं तिथं काढून आता त्यांचंच काम सोलापुरात घरी बसून करतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी आणि मीटिंगमध्ये एका चौकोनात माझं डोकं. श्रीनू मात्र गाव सोडून गेला नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सगळा हिशेब, माल, पावत्या त्याच्या प्रोग्रॅमवर चालायच्या. काम अडलं की तो मला फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि अडलेलं ओळीनं सांगत जायचा. मी जेवत असायचो, दाढी करत असायचो, त्याच्या सांगण्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. माझं काम एकच, मधूनमधून "मग?" म्हणायचं. दोन-चार "मग" झाले की तिकडून "सापडलं बे!" आणि फोन बंद. आभार नाहीत, काही नाही. पण जगात याच एका माणसापुढं मी गप्प बसत होतो आणि तोही जगात बहुधा याच वेळी एवढा बोलत होता. आणि संध्याकाळी खेळताना मी एखादी थाप मारली की हा शांतपणे तिची हवा काढायचा. मी म्हणायचो, "शंभर मारले!" तो म्हणायचा, "सात."

तो गेल्यावर मी दोन-तीनदा त्या खेळात शिरून पाहिलं. सोबतीला कुठलीतरी अनोळखी पोरं मिळायची. मी हजार मारले म्हणालो तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. कितीही फुगवा, टाचणी लावणारं कुणी नाही... मी फुगवणंच सोडलं. घरात मी एकटा. दिवसभर चौकोनातल्या माणसांशी "येस, येस" करायचं, संध्याकाळी खुर्ची भिंतीकडे फिरवायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. माझ्यासारख्या बडबड्याच्या घरात एवढी शांतता झाली, की शेजारच्या काकू भिंत ठोकून विचारून गेल्या, बरा आहेस ना म्हणून.

नवीन वर्ष लागलं आणि पहिल्याच आठवड्यात कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "साहेब, श्रीनूभाऊंचा प्रोग्रॅम उघडतोय न् लगेच मिटतोय. पावती निघंना, माल दारात पडून हाय. एकजण तयार सॉफ्टवेअर घेऊन मागं लागलाय. आज तुमच्यानं झालं तर बगा, न्हाईतर उद्या आमी ते बसवून घेतो. राग मानू नका." राग कसला? त्यांचं बरोबरच होतं. पण उद्या ते तयार सॉफ्टवेअर बसलं की श्रीनूच्या हातचं, रोज चालतं-बोलतं असं या गावात काहीच उरणार नव्हतं. मी पुण्याला ताप आल्याचं कळवलं (एकशे चार लिहिला) आणि श्रीनूच्या घरी गेलो.

वहिनींनी खोली उघडून दिली. खुर्ची कुणीतरी सरळ करून ठेवली होती. मी तिच्यावर न बसता स्टूल ओढलं. प्रोग्रॅम वाचायला घेतला, तर काय सांगू... आम्ही लोक कोडमध्ये मागून येणाऱ्या माणसासाठी चार शब्द लिहून ठेवतो, इथं असं केलंय, तिथं तसं केलंय. श्रीनूनं तिथंही तोंड उघडलेलं नव्हतं. दुपार झाली, माझं डोकं भणभणायला लागलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि परत जायच्या ऐवजी कॉटवर बसल्या.

"भाऊजी, सांगा मला."

"काय सांगू वहिनी? यातलं तुम्हाला..."

"तुमाला तरी कुटं कळत होतं? मी बाहेरनं ऐकायची की सगळं. तुमी सांगा, मी 'मग?' म्हणते."

मी सांगायला लागलो. प्रोग्रॅम सुरू होतो, आजची तारीख बघतो. "मग?" मग एका ठिकाणी जाऊन या वर्षाची आणखी एक तारीख शोधतो. "मग?" ती सापडली नाही की गपचूप बंद होतो. "मग?" मागच्या सगळ्या वर्षांच्या तारखा तिथं आहेत, वर्षाला एकच, दर वर्षी वेगळी, पण सगळ्या पावसाळा संपतानाच्या... आणि मी स्टुलावरून उठलोच. खंडेनवमी!

त्या दिवशी आमच्याकडे माग धुऊन पुसून हळदीकुंकू लावतात, नारळ फोडतात. यंत्राला हात लावायचा नसतो. एका वर्षी कारखान्यातल्या कारकुनानं नेमकी त्याच दिवशी पावती फाडली आणि मालकांच्या आईनं म्हणे एवढं आकांडतांडव केलं, की मालकांनी श्रीनूला बजावलं, त्या दिवशी प्रोग्रॅम उघडताच कामा नये. श्रीनूला हे मनापासून पटलेलं. तो स्वतः कॉम्प्युटरला हार घालायचा. एकदा झेंडूच्या पाकळ्या आतल्या पंख्यात जाऊन मशीन आठवडाभर देव्हाऱ्यासारखं दरवळत होतं. तर या बहाद्दरानं प्रोग्रॅमलाच सुट्टी दिली होती. सुट्टी कधी ते माहीत असल्याशिवाय प्रोग्रॅम वर्षाचं काम सुरूच करत नव्हता.

पण एक गोष्ट मला कळेना. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या तारखा एका बैठकीत भरता आल्या असत्या. नवशिक्यानंही भरल्या असत्या. श्रीनूसारख्या माणसानं दर वर्षी एकच तारीख का भरावी? मी हे मोठ्यानं बोललो असणार, कारण वहिनी उठल्या आणि त्यांनी कपाटावरून रबर लावलेली एक गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. नवीन वर्षाचं कॅलेंडर.

"आणून ठेवलं होतं. हे घेऊन दर वर्षी कारखान्यात जायचे. एक तारीख घालायला सगळा दिवस. मागावाल्यांत बसायचे, तितंच जेवायचे. त्या दिवशी घरी आले की लई बोलायचे, भाऊजी. कुणाची पोरगी कितवीला गेली, कुणाच्या घरात काय झालं... मी म्हणायची, आज काय झालंय तुमाला? तर नुसतं हसायचे."

मी गुंडाळीचं रबर काढलं आणि परत लावलं. 

मालकांना त्याच संध्याकाळी 'सापडलं' म्हणून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडर काखेत मारून मी कारखान्यात गेलो. मागांचा खडखडाट बाहेरच्या रस्त्यापर्यंत येत होता. कॅलेंडर उघडलं, नवरात्रातली नवमी बघितली, तारीख घातली. पडदा उघडला आणि उघडा राहिला. कारकुनानं पहिली पावती काढली, मालकांनी तयार सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आता पुढच्या दहा वर्षाच्या एकदमच घालून टाका की. परत तुमाला हेलपाटा नको."

पाच मिनिटांचं काम होतं. मी चेहरा होईल तेवढा गंभीर केला. "तसं चालत नाही मालक. या प्रोग्रॅमची रचनाच तशी आहे. नवीन कॅलेंडर निघाल्याशिवाय तारीख घेत नाही तो. दर वर्षी समक्ष येऊन घालावी लागते."

मालक माझ्याकडे बघत राहिले. हिशेबाचा माणूस, त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. "व्हय," ते म्हणाले, "श्रीनूभाऊबी आमाला हेच सांगायचे." आणि आत कुणाला तरी हाक मारून त्यांनी एक ताट वाढवायला सांगितलं. अडलेल्या पावत्या निघेपर्यंत जेवणाची वेळ झाली होती. मागावरची मंडळी डबे सोडत होती, एकानं सरकून जागा केली. मी त्यांच्यात मांडी घालून बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही.