काठीच्या ठोक्यावर इटालियन

मायाचं शिक्षण दहावीपर्यंतचं, त्यात इंग्रजीत जेमतेम पास. अशा बाईनं इटालियन शिकायला घेतल्यावर कवठे महांकाळजवळच्या त्या वाडीला हसायला आयताच विषय मिळाला. हसू देत बापडे! तिचा नवरा चार वर्षं इटलीत मेंढ्या राखत होता. तिथल्या मालकिणीला आणखी एक माणूस हवं होतं. बायकोला आण, पण तिला आमचं बोलणं कळलं पाहिजे, नाहीतर मी दुसरं कुणी बघते, असं तिनं बजावलं होतं. मायाला नवऱ्याजवळ जायचं होतं, बाकी इटलीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मेंढरांमागं चालता चालता ती मोबाईलवरचे धडे ऐकायची. आधी शब्दाचे तुकडे पाडायचे, मग एका तुकड्यावर जोर द्यायचा. ला-वो-रो, म्हणजे काम. ‘वो’ आला की काठी जमिनीवर आपटायची. बहुतेक शब्दांचा जोर असा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. मेंढीचा शब्द मात्र आडमुठा निघाला. पे-को-रा, जोर थेट पहिल्यावर.

“मेंढरूच ते, सरळ कशाला चालंल?” सासू हरणाबाई म्हणाली. ओव्या म्हणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यामुळं सुनेचा ठोका चुकला की आधी तिलाच कळायचं.

मालकिणीशी ठरलेल्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी सासूसुना ओसरीवर बसल्या. मालकिणीनं धारांचं विचारलं, मेंढ्यांच्या आजारपणाचं विचारलं. माया अडखळली, पण उत्तरं दिली. मग बाईनं हसत अगदी सोपा प्रश्न टाकला, नवऱ्याचं नाव काय?

मायानं सासूकडं चोरून पाहिलं. लग्नातला उखाणा सोडला, तर अकरा वर्षांत तिनं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता तर शेजारी सासू बसलेली. बाईनं पुन्हा विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पाठ करून बसलीय, कळत काहीच नाही, असंच तिला वाटलं असणार.

“काय इचारतीया गं ती?”

“ह्यांचं नाव, आत्याबाई.”

“मग घे की! माझा ल्योक तिकडं एकटा हाय, आन् तू लाजत बसलीयास व्हय?”

मायानं पदर सावरला. “इं-द्र-जित,” ती म्हणाली, एकेक तुकडा सुटा करून.

मालकिणीच्या मागं बादली घेऊन उभ्या असलेल्या इंद्रजितनं मान खाली घातली आणि बाहीनं डोळे पुसले. मालकिणीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. मग ती म्हणाली, “हिला लवकर बोलावून घे.”