नव्व्याण्णव बाटल्या

ताडकळसच्या स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणारा एक जण बसतो. गिऱ्हाईक नसलं की तो फोनवर राक्षसांशी लढतो. त्या गेममध्ये एक वार आपण करायचा, मग थांबून समोरच्याचा सोसायचा. जखमा भरणाऱ्या औषधाच्या नव्व्याण्णव बाटल्या त्याच्याकडे साठल्यात, पण तो मरेल, बाटली उघडणार नाही.

"ऱ्हाऊ द्या वो," म्हणतो, "मोठ्या लढाईत कामाला येतेत."

दुकानातही तेच. माझ्या जुन्या फोनला बसणारा एकच चांगला डिस्प्ले त्यानं खणात जपला होता. काच तडकली तेव्हा दोनदा मागितला, दिला नाही.

परवा स्क्रीन पार काळी पडली. ऊसतोडीला गेलेल्या बहिणीचे दिवस भरले होते, एवढंच मी सांगितलं. त्यानं चालू लढाई बाजूला ठेवली आणि खण उघडला.

डिस्प्ले बसला आणि थोड्याच वेळात दाजींचा फोन आला. "पोरगी झाली. दोघीबी बऱ्या हायत."

मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, गेम उचलला. राक्षस अजून त्याच्या वाराची वाट बघत उभा होता. दोन वारांत आमचा गडी आडवा झाला.

बाटल्या नव्व्याण्णवच होत्या.