सासूबाईंबरोबर पिक्चर

माझ्या सासूबाईंना पिक्चर गप्प बसून बघणं ठाऊकच नव्हतं. पडद्यावर हिरोने वीस गुंडांना एकेक करून लोळवायला घेतलं, की चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या विचारत, "बाकीचे एकोणीस कित्याक उभे रवले? रेशनची लाईन लागली हा?" एकदा गाड्या आकाशात उडाल्या, आग लागली आणि त्या आगीतून हिरो चालत बाहेर आला. "गाडयेची वाट लागली, पण ह्येचो भांग काय इस्कटलो नाय," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर आमच्या रांगेत त्या हिरोची कुणाला भीड राहिली नाही.

डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या या बाईंना नवा पिक्चर पहिल्याच आठवड्यात बघायचा असे आणि सोमवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना त्याची पिसं काढायची असत. मल्टिप्लेक्स उभं होतं जुन्या गिरणीच्या जागी. तिथे त्यांचे वडील साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला होते. "बाबा हयसर घाम गाळून पैसे घेयत, आमी थंडाव्यात बसान देतव," असं म्हणत पॉपकॉर्नच्या रांगेत मात्र त्या सगळ्यांच्या पुढे. मारामारीचे भंपक पिक्चर त्यांना फार आवडत, कारण शिव्या घालायला भरपूर मिळायचं. विनोदी पिक्चरला मात्र त्या गंभीर होऊन जात. पडद्याकडे कमी आणि शेजारच्याकडे जास्त बघत.

ते का, हे मला माझ्या लग्नाच्या वेळी कळलं. नीताला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, माझ्याआधी एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, करी रोडला टॉवरमध्ये फ्लॅट, नातेवाईक पेढे वाटायच्या तयारीत. सासूबाई म्हणाल्या, आधी एक विनोदी पिक्चर बघू. त्यात मालक नोकराच्या थोबाडीत मारतो, नोकर ताटासकट पडतो, उठतो आणि पुन्हा मार खातो. इंजिनिअर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मध्यंतरात यांनी त्याला समोसा खाऊ घातला आणि घरी येऊन नकार कळवला. दीर-नणंदा खवळल्या. पिक्चरवरून कुणी स्थळ मोडतं का? सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत. "पत्रिकेत मंगळ दिसता, माणूस दिसना नाय. तो काळोखात हसताना दिसता."

माझी पाळी आली तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. पिक्चर इतका टुकार की निम्मा वेळ मी जांभया देत होतो. एका ठिकाणी मात्र बढाया मारणारा नवरदेव झुरळाला घाबरून स्टुलावर चढतो. तिथे मी एकटाच मोठ्याने हसलो, कारण आमच्या घरी त्या स्टुलावर मीच चढत असे, आणि तसं नीताला सांगूनही टाकलं. बाहेर पडताना सासूबाईंनी तिला निकाल दिला, "स्वतःक हसता. ह्यो चलात." पगाराची चौकशी त्यानंतर झाली, तीही वरवरच.

लग्नानंतर आम्ही चौघं पिक्चरला जात असू. चौथे म्हणजे सासरे, अण्णा. माणूस तसा निरुपद्रवी. पण पडद्यावर कुणी बायकोच्या जाडीवर किंवा अकलेवर विनोद केला की अण्णा खो-खो हसत, सासूबाईंच्या खांद्यावर थाप मारत आणि मागच्यांनाही कळेल असं म्हणत, "आमच्याकडे पण ह्योच नग हा." सगळ्या दुनियेची खिल्ली उडवणाऱ्या सासूबाई तेव्हा मान खाली घालून पर्समध्ये बडीशेप शोधत. मला संताप यायचा, पण जावयाने बोलावं कसं?

गेल्या वर्षी त्या गेल्या. आमचा शेवटचा पिक्चरही असाच बायकांवरच्या विनोदांचा होता. मध्यंतरात आम्ही बाहेर आलो आणि अण्णा चहा आणायला गेले, तेव्हा मी धीर करून विचारलंच, की आई, नीतासाठी एवढी पारख केलीत, मग स्वतःच्या वेळी काय झालं होतं?

त्यांनी चहाच्या रांगेतल्या अण्णांकडे एकदा बघितलं.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "माका ह्येनी पयलो पिक्चर लग्न झाल्यावर दाखवल्यानी."