गैरसरकारी सभासद

सूर्यभानजी गावंडे मूर्ख होते असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी आजही भांडेन, आणि फार शहाणे होते असं म्हणालं तरीही भांडेन. खरं सांगायचं तर त्या माणसाविषयी माझं अजून काही ठरत नाही. ठरलंय ते एवढंच, की त्यांच्या बाबतीत जी चूक झाली तिचा पहिला धनी मी आहे.

लढाईची वर्षं होती. मी अकोल्याला मोटार-बोर्डात कारकून होतो. बोर्डाचं खरं नाव लांबलचक होतं, ते फक्त आमच्या शिक्क्यावर मावायचं. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत कोणती मोटार कुठून कुठे धावेल, कुठे थांबेल, टपावर काय लादलं जाईल हे सगळं हे बोर्ड ठरवायचं. म्हणजे मोटारमालकच ठरवायचे. पाच सभासद, त्यात दोन सरकारी अंमलदार, त्यांतलेच एक अध्यक्ष, आणि तीन मालक. अंमलदारांनी काहीही मांडलं तरी मालकांचे तीन हात विरुद्ध गेले की विषय संपला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय! मोटारीत माणसं बोऱ्यात कापूस कोंबावा तशी कोंबत, आणि तक्रार करावी तर तक्रार ऐकायला तेच तिघे बसलेले.

तक्रारी शेवटी नागपूरपर्यंत पोचल्या. तिकडून हुकूम आला, की एका मालकाला काढा आणि त्याच्या जागी मोटारीने जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी एक माणूस बसवा. आता असा माणूस आणायचा कुठून? मोटारीने जाणं हा काही कोणाचा धंदा नव्हे. अध्यक्षसाहेबांनी मला तक्रारींचा गठ्ठा आणायला सांगितला. गठ्ठ्यात एकाच माणसाचे सात अर्ज निघाले. चांदूर बाजारच्या रस्त्यावर खैरी नावाचं गाव आहे, तिथे मोटार थांबावी, एवढीच मागणी सातही अर्जांत होती. अक्षर मुलीचं, गोल आणि टपोरं. खाली सूर्यभान गावंडे यांची सही, ती मात्र नांगरटीसारखी वाकडीतिकडी.

"चिकट माणूस दिसतो," साहेब म्हणाले. "यालाच नेमा."

नेमणुकीचा कागद इंग्रजीत होता. त्याचं मराठी करायचं काम माझं. मला माझ्या मराठीचा भलता गर्व होता. 'नॉन-ऑफिशियल मेंबर' असं होतं तिथे नागपूरच्या हिंदी कागदात 'गैरसरकारी' शब्द होता, तो मी डोळे मिटून उचलला आणि लिहिलं: 'श्री. सूर्यभान गावंडे यांची मोटार-बोर्डावर गैरसरकारी सभासद म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.' ध चा मा करणाऱ्यांना लोक शिव्या देतात. मी तर एकही अक्षर बदललं नव्हतं, तरी व्हायचं ते झालंच.

त्या कागदाचं खैरीत काय झालं हे मला नंतर कळलं, पण ते इथेच सांगितलेलं बरं.

कागद वाचला सूर्यभानजींच्या मुलीने, जमुनेने. तिला तेरावं लागलं होतं. गावच्या शाळेत चौथी पास झाली होती आणि पुढे शिकायचं म्हणत होती. त्या वर्षी चांदूर बाजारला मुलींचे वरचे वर्ग निघाले होते. खैरीपासून चार कोस. आई पार्बताबाईने साफ सांगितलं होतं, की मोटार गावाशी थांबली तर पोरगी शाळेत जाईल, नाहीतर माझ्या भावाने मूर्तिजापूरकडचं स्थळ आणलंय, पुढच्या वैशाखात लग्न. ते सात अर्ज या मुलीनेच लिहिले होते. एका खांबाशी मोटार दोन मिनिटं थांबण्यावर तिचं सारं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं.

तर जमुनेने कागद वाचला आणि 'गैरसरकारी'पाशी अडली. मग तिने डोकं चालवलं. "गैर म्हंजे उलट, बाबा. गैरहजर म्हंजे हजरच्या उलट. तसा गैरसरकारी म्हंजे सरकारच्या उलट."

घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसच तसे होते. सरकारच्या उलट बोलणारी माणसं धरून नेत होते. पार्बताबाई म्हणाली, "जाऊच नोका. हे बोलावनं नाई, हा फासा हाय." सूर्यभानजींना वेगळाच प्रश्न पडला. "सरकारच्या उलट मानसाले सरकार जेलात टाकते. खुर्ची कावून देईन?"

दोन दिवस कोणाला काही सुचेना. मग जमुनेनेच वाट काढली. कोर्टात नाही का, एक वकील सरकारच्या बाजूचा असतो आणि एक उलट बाजूचा? दोन्हीकडून बोलणारे असले तरच न्याय होतो. तसंच इथंही असणार. सरकारचा जो ठराव असेल त्याच्या उलट हात वर करायला एक माणूस लागत असेल, आणि ते काम बाबांना दिलंय. सूर्यभानजींनी एकदा अचलपूरच्या कोर्टात वकील भांडताना पाहिले होते, आणि तेच वकील बाहेर येऊन एकाच बाकावर पान खाताना पाहिले होते. त्यांना ते पटलं. मला विचाराल तर मलाही पटलं असतं. त्या पोरीच्या तर्कात कुठे खोट होती सांगा! खोट होती ती माझ्या शब्दात.

ज्येष्ठात बैठक भरली. सूर्यभानजी आदल्या दिवशीच अकोल्याला येऊन धर्मशाळेत उतरले होते. मी जुन्या शहरातून मोर्णा नदी ओलांडून कचेरीत आलो तर हा उंच, काळासावळा माणूस पायरीशी जोडे काढून उभा. धुतलेलं धोतर, खांद्यावर दुपट्टा. मला नमस्कार करून हळूच म्हणाले, "बाबूजी, मी गैरच ना?"

"हो, तुम्ही गैरसरकारी," मी म्हणालो.

"साराच येळ गैर राहाचं? का कवा कवा?"

मला वाटलं, नवा माणूस आहे, घाबरलाय. मी म्हणालो, "नेमणूक आहे तोवर तुम्ही गैरसरकारीच."

"मंग मले बराबर समजलं," ते म्हणाले, पण चेहरा काही बरोबर समजल्याचा नव्हता.

पहिला विषय निघाला. माणसं बसलेली असताना टपावर बकऱ्या लादू नयेत, असा अंमलदारांचा ठराव. दोघे अंमलदार अनुकूल, दोघे मालक विरुद्ध. साहेबांनी मोठ्या विश्वासाने नव्या सभासदाकडे पाहिलं. सूर्यभानजींनी मालकांच्या बाजूने हात वर केला. बकऱ्या टपावर राहिल्या.

साहेब गोंधळले. मीही गोंधळलो. सगळ्यात जास्त गोंधळले मालक. त्यांच्यातले थोरले चंद्रभानशेठ अमरावतीच्या मालकाकडे असे बघायला लागले, की याला तू कधी फितवलंस? आणि अमरावतीचा मालक त्यांच्याकडे तसाच बघत होता.

दुसरा विषय: बायकांसाठी पुढची दोन बाकं राखून ठेवावीत. सूर्यभानजींनी कपाळाला हात लावला, सुस्कारा टाकला आणि पुन्हा विरुद्ध हात वर केला. मी बैठकीच्या वहीत लिहिलं: नामंजूर. मनात म्हटलं, हा काय वेडा माणूस शोधून आणलाय आम्ही! याला काढावा तरी कसा?

तिसरा विषय खैरीचा. तो साहेबांनी स्वतः घातला होता, आणि मांडताना ते हसत होते. पावसाळ्यापासून सकाळची आणि संध्याकाळची मोटार खैरीला थांबावी. चंद्रभानशेठ उसळले. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून तेव्हा मोटारींना मागे कोळशाची भट्टी बांधलेली असायची. "खैरीले चढ हाय साहेब," ते म्हणाले, "थितं गाडी थांबली तं पुन्ना चढत नाई. लोटाले मानसं तुमी देसान?" हात मोजले. दोन अनुकूल, दोन विरुद्ध.

सगळे सूर्यभानजींकडे बघायला लागले. आणि ते माझ्याकडे बघत होते. ती नजर मी अजून विसरलो नाही. मला वाटलं, बिचारा विचारतोय की माझ्याच गावाचा विषय आहे, हात वर केला तर चालेल ना? मी मान हलवली. करा, करा, अशी.

त्यांनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "अनुकूल?" हात खाली. "विरुद्ध?" आणि तो लांब, काळा, शेतकरी हात सरळ वर गेला.

तीन विरुद्ध दोन. नामंजूर. माझ्याच हाताने मी ते लिहिलं.

बैठक संपल्यावर ते व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. माझा संताप मावत नव्हता. मी म्हणालो, "सूर्यभानजी, सात अर्ज केलेत तुम्ही! आणि आज स्वतःच्याच गावाच्या पोटावर पाय?"

त्यांनी वर पाहिलं. "बाबूजी, तुमीच तं लिवलं, गैर म्हनून. मले वाटलं, सरकार माई परीक्षा पाहून राहिलं. बाकीच्या गावाच्या येळी हात वर करते, आपल्या गावाच्या येळी करते का नाई. खुर्चीवर बसलो तं खुर्चीचं काम करा लागते ना, बाप्पा?"

मला एकेक शब्द विचारून घ्यावा लागला. गैर म्हणजे काय समजलात? कोणी सांगितलं? सगळं कळलं तेव्हा मीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसलो. मग त्यांना सांगितलं, की गैरसरकारी म्हणजे सरकारच्या उलट नव्हे. सरकारी नोकर नसलेला माणूस, बस, एवढाच अर्थ. आपल्या मनाने हात वर करायचा किंवा नाही करायचा.

मला वाटलं, आता हा माणूस मला दोन ठेवून देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "जमुनीले सांगू नोका. अर्थ तिनं सांगतला होता."

मी धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, दिलेलं मत मोजलं गेलं, आता पुढच्या बैठकीत बघू. पुढची बैठक होती कार्तिकात. तिच्यात सूर्यभानजींनी योग्य बाजूला हात वर केला, थांबा मंजूर झाला आणि आजही मोटार खैरीला थांबते. चढावर लोटावी लागते असंही काही नाही. पण कार्तिकात शाळेत नाव घालून घेत नाहीत, आणि तोवर मूर्तिजापूरकडच्या पाहुण्यांनी सुपारी फोडली होती.

मी खैरीला गेलो तो त्याच्या आधी, आषाढात. माझ्या मनाला चैन पडत नव्हतं. जमुनेला सांगू नका असं ते म्हणाले होते खरं, पण मी ठरवलं होतं की तिला सांगायचंच: बाई, तुझा अर्थ चुकला नाही, माझा शब्द चुकला. चूक माझी आहे, आणि तुझ्या आईला मी हात जोडून सांगतो की यंदापुरती काहीतरी सोय करा. मोटार खैरीला थांबत नव्हतीच, म्हणून पुढच्या गावाला उतरून काळ्या चिखलातून अर्धा कोस मागे चालत आलो.

सूर्यभानजी ओसरीत बाजेवर बसले होते. मला बघून उठले, पण डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. जमुना आतून पाण्याचा गडवा घेऊन आली. किडकिडीत पोर, परकराचा काठ चिखलाने भरलेला. मी बोर्डातला माणूस हे कळल्यावर तिने सरळ मलाच विचारलं, "बाबूजी, आमचा थांबा कावून नाई देला बोर्डानं?"

मी तोंड उघडलं. इतक्यात सूर्यभानजी म्हणाले, "त्यायले कायले इचारतं, माय? त्यायचं काम लिवाचं."

ती त्यांच्याकडे वळली. "पन बाबा, तुमी हात वर केल्ता ना?"

"केल्ता ना," ते म्हणाले. "साऱ्याइच्या वर केल्ता."

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. मी गडवा हातात धरून तसाच बसलो होतो. पाणी पिण्याचं भान नव्हतं.

जमुना बापाजवळ जाऊन बसली आणि मोठ्या माणसासारखी त्यांची समजूत घालायला लागली. "मंग जाऊ द्या ना, बाबा. पाच जनात तुमचा एकट्याचा हात. एकट्या हातानं काय होते?"